सी-टाईपची डोक्याची बॅटरी: पावसाळा आणि सुगी काढल्यानंतर

दिवसभर बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात लेथवर आणि उरलेला वेळ येळ्ळूरच्या शिवारात, असं माझं चालतं. दोन्हीकडं डोक्याला बांधायची बॅटरी लागते. लेथवर कोरलेल्या भोकाच्या, म्हणजे बोअरच्या, आत नीट बघायचं तर हात मोकळे हवेत, आणि जुलैत बळ्ळारी नाला चढला की रात्री बांध बघायला जातानाही हात मोकळेच हवेत. जूनच्या सुरुवातीला नवी घेतली. उजेड, वजन, पट्टा यांत या किमतीच्या बॅटऱ्यांमध्ये मोठा फरक नव्हता, आत एकच 18650 सेल, म्हणजे परत परत चार्ज होणारा गोल लिथियम सेल. म्हणून चार्जिंगची पिन बघूनच मी निवड केली आणि हा अनुभवही मुख्यतः त्या पिनीचाच आहे.

चुंबकाची पिन बघायला छान. नुसती जवळ नेली की चिकटते, भोक नसल्यामुळं चिखल आत जायचा प्रश्न नाही. पण आमच्या खात्यात बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काम असतं, त्याचा काळा चुरा हवेतच असतो. असली केबल बाकावर ठेवली की तिच्या तोंडाला चुऱ्याच्या मिशा फुटतात. चार्जरचे 5 व्होल्ट त्या टोकांवर उघडेच असतात आणि दोन टोकांमधलं अंतर अगदी थोडं, त्यामुळं चुरा मधे बसला की शॉर्ट. घामाचं मीठ लागलं तर टोकं हिरवी पडतात ती वेगळीच. फक्त घरात वापरणाऱ्यानं खुशाल घ्यावी, कारखान्यात नको.

गोल पिन मजबूत असते, हे मनापासून मान्य आहे. तिचे पाय आतल्या सर्किट बोर्डातून आरपार गेलेले असतात, सहज उपटत नाही. अडचण व्होल्टेजची आहे. तीच 5.5 मिलिमीटरची पिन एका चार्जरवर 5 व्होल्टची, दुसऱ्यावर 9 ची, तिसऱ्यावर 12 ची. वायफायच्या राउटरचा 12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर तिच्यात सरळ बसतो, आणि तिथं आत 4.2 व्होल्टला भरणारा एक सेल आहे. घरात चार माणसं चार्जर लावणार असतील तर हा धोका मी घेणार नाही.

मायक्रो यूएसबी, म्हणजे दुकानात जिला व्ही-एट म्हणतात ती, अजून स्वस्त बॅटऱ्यांत मिळते. कागदावर ती 10,000 वेळा घालता-काढता येते आणि सी-टाईपचाही आकडा तोच आहे. फरक हातात पडल्यावर कळतो. मायक्रो एकाच बाजूनं जाते. घाईत उलटी दाबली की सॉकेट बोर्डावरून निसटतं, कारण पुष्कळ ठिकाणी ते नुसतं वरच्यावर झाळलेलं असतं. बाबांचं म्हणणं एवढंच होतं, ‘‘अंधारात पिन सरळ हाय का उलटी हे बघत कोण बसतंय?’’ या एका वाक्यावर मायक्रो बाद झाली.

सी-टाईप 2014 साली आली. दोन्ही बाजूंनी जाते आणि मोबाईलची केबल चालते. युरोपात 28 डिसेंबर 2024 पासून नव्या मोबाईलांना तीच सक्तीची झाल्यामुळं केबल पुढची कित्येक वर्षं मिळत राहील. पण नुसतं सी-टाईपचं भोक बघून बॅटरी घेऊ नका, कारण बरीच फसगत इथंच होते. दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावली की चार्जर लगेच वीज सोडत नाही. समोर खरंच यंत्र आहे का हे तो सीसी नावाच्या टोकांवरून ओळखतो. तिथं 5.1 किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा बारीक भाग, सापडला तरच 5 व्होल्ट देतो. अशी टोकं दोन आहेत आणि दोघांना स्वतंत्र रेझिस्टर लागतो. स्वस्त मालात काही पैसे वाचवायला दोन्ही गाळतात. मग ती बॅटरी जुन्या चपट्या यूएसबीच्या केबलवरच चार्ज होते, मोबाईलच्या नव्या चार्जरवर मेल्यासारखी पडून राहते. एकच रेझिस्टर असेल तर पिन एका बाजूनं चालते, उलटी केली की बंद. 2019 च्या रास्पबेरी पाय 4 या नावाजलेल्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डाच्या पहिल्या आवृत्तीतही दोन्ही टोकांना मिळून एकच रेझिस्टर होता आणि काही केबलींवर तो बोर्ड चालू होत नसे.

म्हणून गणपत गल्लीत घ्या नाहीतर खडेबाजारात, स्वतःचा दोन्हीकडं सी असलेला चार्जर सोबत न्या. दुकानातच लावा, दिवा लागला की पिन उलटी करून परत लावा. दुकानदार कुरकुरला तरी लावाच. माझी दोन्ही बाजूंनी चालली म्हणून घेतली.

इतक्या महिन्यांत सॉकेट हललेलं नाही. बॅटरीसोबत आलेली केबल मात्र सैल झाली. नवी लावली आणि पकड पुन्हा पहिल्यासारखी. सी-टाईपमध्ये स्प्रिंगचा भाग केबलच्या टोकात असतो, त्यामुळं झीज बहुतेक केबलचीच होते आणि ती बदलणं स्वस्त. पाठचं झाकण खोलून बघितलं तर सॉकेटचे चारही पाय बोर्डातून आरपार गेलेले आहेत. हे मला फार आवडलं.

चार्जर 65 वॉटचा लावला तरी वेळ तेवढाच लागतो. किती करंट घ्यायचा हे आतली चार्जिंगची चिप ठरवते, पिन नाही.

तक्रार आहे ती रबरी झाकणाची. भात लावणीच्या दिवसांतच त्याची शेपटी फाटली. सॉकेटच्या मध्ये एक पातळ जीभ असते, चिखल तिच्याभोवती बसतो. तो सुईनं किंवा टाचणीनं कधी उकरू नका, जीभ तुटली की सॉकेट गेलं. मी वाळू देतो, मग मऊ ब्रशनं झाडतो. ओली असताना तर चार्जिंगला लावतच नाही, कारण ओल्या टोकांतून वीज गेली की ती गंजतात. जांबोटी, खानापूरकडच्या पावसात वापरणाऱ्यांनी हे जास्तच सांभाळावं.

बाबांसाठी आता दुसरी घेणार आहे, सी-टाईपचीच. या वेळी झाकण स्क्रूनं बसवलेलं असेल अशी शोधतोय.