२,४१२ पाने मोजून घेतली आणि फसलो

चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या आयटी विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. सर्व्हर, प्रिंटर, फायरवॉल, बॅकअप, ईआरपीच्या अडचणी या सगळ्यांची टिपणे आम्ही कॉन्फ्लुएन्स या विकीच्या, म्हणजे सर्वांनी मिळून लिहायच्या माहितीपानांच्या प्रणालीच्या, सर्व्हर आवृत्तीवर (आमच्याच सर्व्हरवर चालणाऱ्या आवृत्तीवर) वर्षानुवर्षे लिहून ठेवली होती. रात्रपाळीत लेबल प्रिंटर बंद पडला तर काय करायचे हे कोणालाही फोन न करता कळावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. २०२४ मध्ये ही सगळी टिपणे दुसऱ्या प्रणालीवर नेण्याचे काम आम्ही एका छोट्या कंपनीला दिले आणि त्यात आमची रीतसर फसवणूक झाली. ती कशी झाली हे मी तपशीलवार लिहीत आहे, कारण ज्या पद्धतीने मला फसवले गेले ती पद्धत कोणत्याही विकीच्या स्थलांतरात वापरता येईल अशी आहे.

आमची घाई खरी होती. कॉन्फ्लुएन्सच्या सर्व्हर आवृत्तीचा अधिकृत आधार, म्हणजे निर्मात्यांकडून मिळणारी मदत आणि दुरुस्त्या, १५ फेब्रुवारी २०२४ रोजी संपला. त्याच्या काही महिने आधी, २०२३ च्या अखेरीस, सीव्हीई-२०२३-२२५१८ या क्रमांकाची गंभीर सुरक्षा त्रुटी जाहीर झाली होती आणि ती सर्व्हरच्या सर्वच आवृत्त्यांना लागू होती. यापुढे अशी त्रुटी निघाली तर दुरुस्ती मिळणार नाही, हे व्यवस्थापनाला पटवून मी स्थलांतराची मंजुरी घेतली. क्लाउडचे वार्षिक शुल्क नको होते, म्हणून बुकस्टॅक ही मुक्त प्रणाली निवडली. निवड चुकली असे मला आजही वाटत नाही. चुकली ती माणसे.

त्या कंपनीचे नाव एका परिचिताकडून आले होते. संकेतस्थळ नीटनेटके होते, त्यावर मोठ्या ग्राहकांची बोधचिन्हे होती, आणि चौकशीसाठी दिलेल्या दोन क्रमांकांवर बोलणाऱ्या गृहस्थांनी कामाची तोंड भरून स्तुती केली. हे दोन्ही क्रमांक त्यांनीच दिलेले होते, हे मला तेव्हा खटकले नाही. एकूण ३,६०,००० रुपये अधिक जीएसटी असा व्यवहार ठरला. त्यातली ४० टक्के रक्कम आगाऊ, ५० टक्के काम ताब्यात घेताना आणि उरलेली १० टक्के एका महिन्यानंतर द्यायची होती. सर्व पाने, सर्व जोडपत्रे, सर्व जुन्या आवृत्त्या आणि पानांवरील वाचनमर्यादा (कोणते पान कोणी पाहायचे याची बंधने) जशाच्या तशा नव्या जागी येतील, असे करारात स्पष्ट लिहिले होते.

जून महिन्यात त्यांनी २५ पानांचा नमुना दाखवला. तो निर्दोष होता. चित्रे जागेवर होती, तक्ते सरळ होते, आतले दुवे नव्या पानांवर जात होते. ही २५ पाने त्यांनी हाताने, एकेक करून तयार केली होती हे पुढे उघड झाले. मात्र त्या दिवशी बैठकीत आमचे महाव्यवस्थापक म्हणाले, “छान आहे, पुढे जाऊ द्या,” आणि मीही मान डोलावली.

ऑगस्टमध्ये त्यांनी काम पूर्ण झाल्याचे कळवले. आम्ही सुरुवातीला जुन्या विकीतील पानांची शीर्षकांसह यादी दिली होती, तिच्यात २,४१२ पाने होती. नव्या प्रणालीत मोजली तेव्हाही २,४१२ भरली. तपासणीसाठी त्यांनी ३० पानांची एक यादी आणली होती. “सर, ही रँडम काढलेली यादी आहे, तुम्ही कुठलेही पान उघडून बघा,” असे त्यांचा प्रतिनिधी म्हणाला, आणि मी कुठलेही पान उघडण्याऐवजी यादीतील तीसच्या तीस पाने उघडून पाहिली. सगळी ठीक दिसली. मी स्वीकृतिपत्रावर सही केली आणि १,८०,००० रुपयांचा दुसरा हप्ता जीएसटीसह निघाला.

त्याच दुपारी आमच्या रांजणगावच्या कारखान्यातून एका कनिष्ठ सहकाऱ्याचा फोन आला होता. “सर, इकडे पानांवरचे फोटो दिसत नाहीत, नुसती चौकट येते,” असे तो सांगत होता. रांजणगावची लाइन अधूनमधून मंदावते हे मला माहीत असल्यामुळे मी त्याला थोड्या वेळाने पान पुन्हा उघडायला सांगितले. तिथल्या लोकांनी नव्या विकीची सवय लावून घ्यावी म्हणून रांजणगावहून जुन्या सर्व्हरकडे जाणारा मार्ग आम्ही आठवडाभर आधीच फायरवॉलवर बंद केला होता. या दोन गोष्टींचा संबंध मला त्या वेळी लागला असता, तर हे लिहिण्याची वेळ आली नसती.

नंतर त्या कंपनीने घाई सुरू केली. आधार संपलेली आवृत्ती चालू ठेवणे हा परवान्याचा भंग आहे, लेखापरीक्षण झाले तर दंड बसेल, तेव्हा जुना सर्व्हर बंद करून त्याचे व्हर्च्युअल मशीनही (तो ज्यात चालत होता तो सॉफ्टवेअरमधला संगणक) पुसून टाका, असे त्यांनी लेखी कळवले. हे धादांत खोटे होते. सर्व्हर आवृत्तीचा परवाना कायमस्वरूपी असतो. आधार संपल्यावर दुरुस्त्या मिळत नाहीत, पण असलेली प्रणाली चालवण्याचा हक्क जात नाही. मी परवान्याची प्रत उघडून वाचली नाही. शनिवारी संध्याकाळी जुना सर्व्हर बंद केला.

सोमवारी सकाळी सातच्या पाळीत डिस्पॅचचा लेबल प्रिंटर अडला. पर्यवेक्षकाने नव्या विकीत पान उघडले. तिथे “खालील चित्रात दाखवलेले हिरवे बटण पाच सेकंद दाबून धरा” असे वाक्य होते आणि त्याखाली फाटलेल्या कागदासारखे ते छोटे चिन्ह होते. मी त्या चिन्हावर राइट क्लिक करून चित्राचा पत्ता पाहिला. तो जुन्या सर्व्हरच्या नावाने सुरू होत होता. दुसरे पान, तिसरे पान, दहावे पान उघडले, सगळीकडे तेच. नमुन्याची २५ पाने वगळता एकही चित्र नव्या प्रणालीत आलेलेच नव्हते. जुना सर्व्हर चालू होता तोवर नवी पाने गुपचूप त्याच्याकडूनच चित्रे मागवून दाखवत होती, आणि तो बंद होताच सगळा डोलारा कोसळला.

पुढचे दोन दिवस आम्ही तिघे जण एकेक भाग तपासत बसलो, तेव्हा त्यांची युक्ती उलगडली. कॉन्फ्लुएन्सची पाने वेबपानांच्या एक्सएचटीएमएल भाषेसारख्या स्वतःच्या स्वरूपात साठवली जातात आणि त्यात मॅक्रो, म्हणजे पानात मजकूर किंवा रचना आपोआप घालणाऱ्या आज्ञा, असतात. त्यांचा अर्थ लावून नव्या प्रणालीत त्यांना पर्याय शोधणे हेच अशा कामातले खरे श्रम. त्या श्रमांऐवजी, वाचकाला दिसणारे पानाचे तयार रूप एका स्क्रिप्टने उचलून त्यांनी नव्या जागी चिकटवले होते. व्हीपीएन जोडण्याच्या सूचना आम्ही एकाच पानावर ठेवून इतर ३७ पानांत समाविष्ट केल्या होत्या, म्हणजे एक पान बदलले की सगळीकडे बदल होत असे. आता त्या सूचनांच्या ३७ सुट्या प्रती झाल्या होत्या. पानांमधले बहुतेक दुवे जुन्या सर्व्हरच्या पृष्ठक्रमांकांकडे जात होते. आमचे पानांचे झाड सहा पातळ्या खोल होते; बुकस्टॅकमध्ये शेल्फ, पुस्तक, प्रकरण आणि पान एवढीच रचना असते, त्यामुळे ते कसे मांडायचे याचा विचार करणे भाग होते, पण त्यांनी सरसकट सगळे एका पुस्तकात ओतले होते. २ एमबीपेक्षा मोठे एकही जोडपत्र आले नव्हते, कारण बुकस्टॅक ज्या भाषेत लिहिले आहे त्या पीएचपीमध्ये फाइल चढवण्याची मूळ मर्यादा तेवढीच असते आणि ती वाढवण्याचे कष्टसुद्धा कोणी घेतले नव्हते.

पानांची संख्या कशी जुळली, याचे उत्तर माझ्या मनाला सर्वांत जास्त लागले. त्यांच्या स्क्रिप्टने आम्ही दिलेल्या यादीतील प्रत्येक शीर्षकासाठी एक पान तयार केले होते. ज्या पानांवर वाचनमर्यादा होती ती त्यांच्या खात्याला वाचता आली नाहीत, म्हणून तिथे फक्त शीर्षक आणि खाली कोरी जागा होती. अशी १८६ पाने निघाली, आणि त्यात बॅकअप पुन्हा उभा करण्याची कृती होती. आमचीच यादी त्यांनी आम्हालाच मोजून परत दिली होती. जुन्या आवृत्त्यांचा तर मागमूस नव्हता. प्रत्येक पानाचा लेखक ‘अ‍ॅडमिन’ आणि तारीख एकच. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचे गुणवत्ता प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यात कोणता दस्तऐवज कोणी कधी बदलला हे परीक्षकाला दाखवावे लागते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

आम्ही फोन केला तेव्हा ही ‘दुसऱ्या टप्प्याची’ कामे आहेत आणि त्यासाठी आणखी २,२५,००० रुपये लागतील, असे उत्तर मिळाले. मी करारातील कलमे वाचून दाखवली तेव्हा पलीकडचा आवाज शांतपणे म्हणाला, “काळजी करू नका सर, तुमचा सगळा डेटा आमच्याकडे सुरक्षित आहे.” संपूर्ण विकीचा एक्सएमएल बॅकअप, म्हणजे सगळी पाने आणि जोडपत्रे असलेली प्रत, आम्ही कामाच्या सुरुवातीलाच त्यांना दिला होता. त्यात वाचनमर्यादा असलेली पानेही होती, आणि लाजिरवाणी गोष्ट म्हणजे त्यांतील कित्येक पानांवर स्विच आणि फायरवॉलचे पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेले होते. पासवर्ड विकीत लिहू नयेत हे मीच नव्या मुलांना शिकवत असे. फोनवरचे ते वाक्य ऐकल्यावर आम्ही त्याच रात्री बसून १४० पासवर्ड बदलले.

पैशांच्या बाजूचा इशारा त्याआधीच मिळून गेला होता. आमच्या लेखा विभागातील मॅडमनी जुलैच्या मध्यात मला विचारले होते की आगाऊ रकमेचे बिल जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या आमच्या कर-क्रेडिटच्या यादीत, का दिसत नाही. मी म्हणालो की पुढच्या महिन्यात दिसेल. प्रत्यक्षात जीएसटीच्या पोर्टलवर बिलावरचा १५ अंकाक्षरी क्रमांक टाकला असता तर नोंदणी रद्द झालेली आहे हे मिनिटभरात कळले असते; त्यासाठी लॉगिनही लागत नाही. दुसरा हप्ता देण्याआधी माझ्या हातात पूर्ण महिना होता. एकूण ३,२४,००० रुपये आणि वर जीएसटीचे ५८,३२० रुपये गेले, आणि रद्द क्रमांकावर भरलेल्या त्या कराचे क्रेडिटही मिळाले नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा हा दिवाणी वाद आहे असेच सांगण्यात आले. वकिलांनी चौकशीसाठी दिलेले बनावट संदर्भ, रद्द जीएसटी क्रमांक आणि परवान्याबद्दलचे खोटे पत्र एकत्र मांडल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीच्या कलमाखाली, अर्ज घेतला गेला. खोटी पत्रे आणि ईमेल जपून ठेवले होते म्हणून एवढे तरी झाले. बरेचसे बोलणे फोनवर झाले होते, त्याचा उपयोग शून्य.

आमची टिपणे वाचली ती एका सहकाऱ्याच्या हट्टामुळे. मशीन पुसून टाका असे मी सांगितले होते, पण त्याने ते फक्त बंद करून ठेवले होते. “सर, डिस्कला जागा होती, म्हणून राहू दिलं,” एवढेच तो म्हणाला. त्या मशीनवरून ताजा एक्सएमएल काढून आम्ही स्वतः काम सुरू केले. त्या बॅकअपमध्ये जोडपत्रांच्या फायलींना नावे नसतात, नुसते १, २, ३ असे आवृत्तीचे क्रमांक असतात आणि खरी नावे एन्टिटीज नावाच्या एका प्रचंड फाइलमधून शोधावी लागतात. हे पाहिल्यावर त्या मंडळींनी हा मार्ग का टाळला ते समजले. जुना पृष्ठक्रमांक आणि नवा पत्ता यांचा तक्ता आधी केला, दुवे त्यावरून बदलले, आणि प्रत्येक पानाची तपासणी जुना सर्व्हर बंद ठेवून, पानाचा मूळ लेखक शेजारी बसवून केली. चार महिने लागले.

आमच्या कायदेशीर नोटिशीला त्यांचे एका पानाचे उत्तर आले. सोबत एकच कागद जोडला होता. त्यावर “२,४१२ पाने तपासून समाधानकारक स्थितीत ताब्यात घेतली” असे छापलेले आहे आणि त्याखाली माझी सही आहे.