लडलोचा किल्ला की स्टोकसे?
इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या या दोन जुन्या किल्ल्यांपैकी एकच पाहायचा आहे आणि हाताशी दोनच तास असतील, तर लडलोचाच किल्ला. दरवाजा थेट बाजारचौकात उघडतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवारी तिथे बाजारही भरतो. आतलं गोल नॉर्मन (अकराव्या-बाराव्या शतकातल्या शैलीचं) चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, चुकवू नका. बहुतेक इमारतींना छप्पर नाही, त्यामुळे पावसात भिजणं आलंच.

अर्धा दिवस मोकळा असेल तर आमचा कौल स्टोकसेला. लोकरीचा व्यापारी लॉरेन्स याला १२९१मध्ये इथल्या आपल्या घराला तटबंदी करायची परवानगी मिळाली. त्याच्या दिवाणखान्याचं लाकडी छत आणि जिना अजून शाबूत आहेत, आणि हे फार दुर्मीळ! रेल्वेने क्रेव्हन आर्म्स स्टेशनला उतरा, पुढे वीसेक मिनिटं चाला. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. हिवाळ्यात रोज उघडं नसतं, वार पाहूनच निघा. ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेचं सदस्यत्व स्टोकसेला चालतं, लडलोला तिकीट वेगळं.