दहा महिने वेटेड सिंथ: सगळं ठीक, फक्त काळी एक बोंबलते

हा वेटेड सिंथ, म्हणजे पियानोसारख्या जड पट्ट्यांचा सिंथेसायझर कीबोर्ड, कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही. सर्व्हिसवाल्यांशी तंटा अजून पुरता मिटलेला नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही थोडा दोष आहे, तो पुढे येईलच. ८८ पट्ट्या, हॅमर अ‍ॅक्शन, किंमत सत्तर हजारांच्या जराशी खाली, मुक्काम फोंडा, गोवा. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतात.

घेतलं ते एका वस्तूत दोन गिऱ्हाइकं भागवायला. मुलगी मडगावला पियानो शिकते, ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षेची तयारी चालू आहे. तिच्या टीचरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की हलक्या कीबोर्डवर सराव करून आलेल्या मुलांची बोटं त्यांना दारातूनच ओळखू येतात. मी स्वतः भजनी मंडळात पेटी वाजवतो, तेव्हा मला ऑर्गन, स्ट्रिंग्ज, सारंगीच्या जवळपास जाणारं काहीतरी, असे आवाज हवे होते. पियानो वेगळा आणि कीबोर्ड वेगळा घ्यायला घरात जागा नाही आणि खिशात तर नाहीच नाही. म्हणून वेटेड पट्ट्यांचा सिंथ. नोव्हेंबरात घेतला.

पहिला महिना मी पस्तावलो. पेटीची पट्टी म्हणजे बोट नुसतं ठेवलं की बोलते. इथे प्रत्येक पट्टीमागे छोटा हातोडा, आणि खऱ्या पियानोसारखं डावीकडे जड, उजवीकडे हलकं. दुगुणीत एक तान घेतली की मनगटाच्या वर कोपरापर्यंत ठणका. 'ही वस्तू पेटीवाल्यांसाठी नाही' असं मी मंडळात जाहीरही करून टाकलं होतं.

ते वाक्य आता मागे घेतो. पेटीत जोर असतो भात्यात. डावा हात भाता सांभाळतो, उजवा सूर. बोट कितीही आपटा, आवाज वाढत नाही. इथे भाताच बोटात आहे. पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर आवाज ठरतो, आणि पेटीवाल्याच्या बोटांना ही अक्कल कधी लागलेलीच नसते. जानेवारीच्या सुमारास एकदा रात्री पियानोच्या आवाजात भैरवी वाजवत बसलो होतो. कोमल ऋषभ जरा दाबून सोडला आणि षड्जावर अगदी अलगद उतरलो. चाळीस वर्षं पेटी वाजवून जे जमलं नाही ते दोन बोटांत झालं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "हे कोण वाजवतंय?" त्या एका वाक्यात माझे निम्मे पैसे वसूल.

हेडफोन लावून वाजवलं की शेजाऱ्यांना त्रास नाही, असं जे सगळे सांगतात ते अर्धसत्य आहे. सूर ऐकू जात नाहीत, हातोडे जातात. पट्टी तळाला टेकते तो धप्प आवाज स्टँडच्या पायांतून लादीत आणि लादीतून खालच्या मजल्यावर. खालच्या वहिनींनी एकदा जिन्यात गाठलंच, "कितें कुटतात तुमी सकाळीं सकाळीं?" स्टँडच्या चारी पायांखाली रबरी पायपुसण्याचे दुहेरी तुकडे घातले तेव्हा कुठे त्यांची झोप आणि आमचे संबंध सुधारले.

आता मुख्य गाऱ्हाणं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुलीच्या सरावात एक सूर टोचायला लागला. ती डी मेजर वाजवत होती. आपल्या भाषेत पांढरी दोनचा सा धरून सगळे शुद्ध स्वर. डाव्या हाताने सा रे ग म प ध छान, एका वजनात, आणि नि आला की धाडकन. परत सा नीट. मी आतल्या खोलीतून ओरडायचो, "नि हळू!" ती म्हणायची, "हळूच वाजवला." मी म्हणायचो, "मला ऐकू येतंय." हे जवळजवळ दोन आठवडे चाललं. एकदा तर तिला नुसता तो एकच सूर पन्नास वेळा वाजवायला लावला, शिक्षा म्हणून. त्या पन्नासांतले बारा-पंधरा बोंबलले. शेवटी ती उठून गेली आणि रात्री जेवायला आली नाही.

तो नि म्हणजे मधल्या सप्तकातली काळी एक, पहिली काळी पट्टी. म्हणजे माझा सा! माझा हात जन्मभर काळी एकमध्येच बसलेला. दिवसाला शंभरदा मी तीच पट्टी दाबतो आणि मला एकदाही काही जाणवलं नव्हतं. त्यामुळे दोष पोरीचाच, हे माझं गणित पक्कं.

रात्री उशिरा सिंथ यूएसबीने लॅपटॉपला जोडला. कुठल्या पट्टीचा किती जोर पोचतो ते आकड्यांत दाखवणारी फुकटची सॉफ्टवेअर मिळतात. मिडीमध्ये, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात त्या भाषेत, हा जोर १ ते १२७ असा मोजतात. १९८३ मध्ये बाजारात आलेली ही पद्धत अजून तीच चालते. एकाच बोटाने, एकाच सावकाशीने एकेक पट्टी दाबत गेलो. पांढरी एक: ४६. काळी एक: ५१. पांढरी दोन: ४८. पुन्हा काळी एक: १२७. पुन्हा: १२७. मग ४९. मग अजिबात नाही. मग १२७.

मी बराच वेळ तसाच बसलो होतो. सकाळी मुलीसाठी बन आणि पातळभाजी आणली. माफी मागितली नाही, पण तिला कळलं. लॅपटॉपवरचे आकडे दाखवले तेव्हा ती फक्त "पन्नास वेळा" एवढंच म्हणाली.

मला इतके दिवस का जाणवलं नाही, तर मी वाजवतो ऑर्गनच्या आवाजात. ऑर्गनला जोराशी घेणंदेणं नाही. पट्टी हळू दाबा की आपटा, आवाज तेवढाच. त्या आवाजात १२७ आणि ४८ सारखेच.

हीच गंमत सर्व्हिस सेंटरमध्ये झाली, फक्त तिथे मला हसू आलं नाही. जवळजवळ साडेचार फुटांचं धूड मागची सीट पाडून, पुढच्या सीटच्या डोक्यापर्यंत सरकवून गाडीत घातलं. वर पाऊस. तिथल्या मुलाने वायर लावली, चालू केलं, आणि मी शेवटी ऑर्गनवर ठेवलं होतं तसंच ठेवून सगळ्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे दाबल्या. "सर, ऑल ओके." मी म्हटलं, पियानो लाव. त्याने पियानो लावला आणि प्रत्येक पट्टी दणादण हाणली. हाणल्यावर सगळ्याच १२७ च्या आसपास, वेगळं काय दिसणार? मी म्हटलं, हळू दाब. तो म्हणाला, "आम्ही असंच चेक करतो."

सतरा दिवस ठेवून घेतलं. मग फोन: आत ओलावा आणि मुंग्या सापडल्या, वॉरंटीत बसत नाही, अख्खा कीबेड, म्हणजे पट्ट्यांचा सगळा सांगाडा, बदलावा लागेल, खर्च एकवीस हजार. एका सुरासाठी एकवीस हजार! तपासणीचे पैसे वेगळे लावले आणि ते भरल्याशिवाय वस्तू देईनात. भरले. त्या पावतीवर जीएसटी दोनदा धरलाय, तंटा त्याचाच आहे.

मुंग्यांबद्दल मात्र ते खोटं बोलले नाहीत. पावसाळा आला म्हणून मी जूनमध्ये सिंथवर जाड प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं, शिवणकामवालीकडून खास मापाने शिवून. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा अशी असते की मीठ बरणीत पाझरतं आणि चपलांना बुरशी येते. तसल्या हवेत प्लास्टिक घातलं म्हणजे दमट हवा आत कोंडून ठेवली. मुलगी खुर्चीत बसून बिस्किटं खाते, तो आणखी एक मुद्दा.

शेवटी मंडळातल्या तबलजीने तियात्राच्या, म्हणजे कोकणी नाटकांच्या, बँडवाल्यांचे कीबोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांकडे नेलं. मडगावात, एका बोळात, दुकानाला पाटी नाही. त्यांनी आवाज लावलाच नाही. कान पट्टीजवळ नेला, काळी एक सावकाश दाबली, सोडली, पुन्हा दाबली आणि म्हणाले, "रबर."

माझ्यासमोर उघडलं. तळाचे स्क्रू मोजत होतो, तीसच्या पुढे सोडून दिलं. बाबा स्क्रू काढले त्याच क्रमाने थर्माकोलवर टोचत होते. पट्ट्यांखाली एक लांब सर्किट बोर्ड आणि त्यावर राखाडी रबराची पट्टी, फुगे-फुगे असलेली. प्रत्येक फुग्याच्या पोटात कार्बनचे दोन काळे ठिपके. पट्टी खाली जाते तेव्हा आधी एक ठिपका बोर्डाला टेकतो, मग दुसरा. दोन्हींच्या मधला वेळ यंत्र मोजतं: वेळ कमी म्हणजे बोट वेगात, म्हणजे आवाज मोठा. पहिल्या ठिपक्याखाली घाण बसली की तो उशिरा लागतो, जवळजवळ दुसऱ्याबरोबरच. यंत्राला वाटतं, केवढ्या जोरात मारलं! आमच्या काळी एकच्या पहिल्या ठिपक्यावर पांढुरका थर होता आणि शेजारी वाळलेली एक मुंगी.

सत्तर हजारांच्या वस्तूचा सगळा हळुवारपणा टिकलीएवढ्या त्या ठिपक्यावर उभा आहे, हे मला अजून पचलेलं नाही.

बाबांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून दोन्ही बाजू पुसल्या. कार्बनला घासायचं नाही, नुसतं टिपायचं. रबर पंख्याखाली वाळू दिलं, तोवर आम्ही चहा प्यायलो. जोडलं. मी लॅपटॉप नेलाच होता: ४७, ५०, ४८, ४७. "किती झाले?" "नऊशे." मी हजार दिले. माझ्या बाबतीत ही बातमी आहे.

तेव्हापासून प्लास्टिक गेलं. बायकोच्या जुन्या सुती साडीचं कव्हर, बाजूला सिलिका जेलच्या पुड्या, आणि रोज अर्धा तास तरी चालू. वाजवलं जातं ते यंत्र कमी बिघडतं, हे पेटीलाही लागू आहे.

आज पुन्हा घ्यायचा झाला तर मी वेटेड सिंथ घेईन का? बहुतेक नाही. यामाहाच्या मोडेक्स ८ सारख्या महागड्या सिंथमध्ये जो जीएचएस नावाचा कीबेड दिला होता, तोच त्यांच्या स्वस्तातल्या पी-४५ पियानोतही होता. म्हणजे सिंथचे जास्तीचे पैसे आवाजांचे आणि बटणांचे, पट्ट्यांचे असतीलच असं नाही. पी-४५ साडेअकरा किलोचा, ६४ पॉलिफनीचा (एका वेळी ६४ सूर), यूएसबी असलेला. आता त्याच्या जागी २०२३ मध्ये पी-१४५ आलाय. असा साधा पियानो घ्यायचा, ऑर्गन-स्ट्रिंग्ज लॅपटॉपमधून काढायचे. कॅसिओचा सीडीपी-एस १०० तर सहा पेन्सिल सेलवरही चालतो, आणि पहिल्या पावसात आमच्याकडे वीज जाते तेव्हा त्याची आठवण येते. पण देवळात लॅपटॉप उघडून बसायला मला लाज वाटते, हेही खरं. मंडळात चालू केल्या केल्या वाजायला हवं, बुवा थांबत नाहीत.

दुकानात गेलात तर पियानोचा आवाज लावा, आवाज कमी ठेवा आणि ८८ च्या ८८ पट्ट्या एकेक करून जितक्या हळू दाबता येतील तितक्या हळू दाबा. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.

चवथीला सिंथ वाजला, छान वाजला. आमचे बुवा काळी दोनमध्ये गातात आणि माझा हात काळी एकचा, म्हणून ट्रान्सपोझ, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय, दोनने चढवून मी पाच दिवस ऑर्गन लावला. घुमट या मातीच्या तालवाद्याच्या गजरातही कापून ऐकू येत होता. मला वाटत होतं की यंत्र बंद केलं की ट्रान्सपोझ शून्यावर जातं. यात जात नाही, लक्षात ठेवतो. मॅन्युअलच्या कुठल्याशा पानावर लिहिलेलंही आहे म्हणे.

परवा मुलगी मडगावहून आली ती गोंधळलेली. "बाबा, टीचरांचा पियानो पार उतरलाय. डी वाजवला तर सीसारखा लागतो. मी सांगितलं त्यांना, आता ते ट्यूनरला बोलावणार आहेत."

मी मडगावला फोन लावला.