जुलाबात मीठ-गुळाचं पाणी की ओआरएसचं पाकीट?

बांगलादेशात १९८० ते १९९० या काळात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन आयांना ‘लोबोन-गुड़’ शिकवत होत्या: तीन बोटांची, पहिल्या पेरापर्यंतची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर (साधारण अर्धा लिटर) पाणी. साहित्य घरातलंच, मापही हाताचंच. कार्यकर्तीचा मोबदला आईला पुढे किती नीट आठवतं त्यावर ठरे. तरी सुरुवातीला वापर कमीच, कारण खुद्द काही कार्यकर्त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता आणि पुरुषांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्याशी बोलणं सुरू केल्यावर चित्र बदललं. धोका मिठाचा: चिमूट मोठी झाली की रक्तातलं सोडियम वाढतं. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागलं तर सरळ ओतून द्यावं.

ओआरएसच्या (जलसंजीवनीच्या) पाकिटात माप अचूक, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट हे क्षार. पण २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. पेल्यात थोडं-थोडं कालवलं तर तेही घातक. २४ तासांनी उरलेलं फेकावं.

पाकीट हाताशी असेल तर आमची पसंती त्यालाच. पुरात रस्ता तुटला की मात्र चिमूट-मूठच कामी येते. मूल सुस्त पडलं किंवा पिईनासं झालं, तर दोन्हींची वाट न पाहता दवाखाना.