शाळांचा सुधारणा आराखडा करून देणारी संस्था: पहिले सहा आठवडे घ्या, पुढचं राहू द्या

आमच्या महापालिकेनं शहरातल्या सगळ्या मनपा शाळांचा मिळून एक 'धोरणात्मक सुधारणा आराखडा' करून घ्यायला पुण्याकडची एक सल्लागार संस्था बोलावली, त्याला आता दीड वर्ष झालं. परवा एका नगरपालिकेतल्या मैत्रिणीचा फोन आला. "आमच्याकडं बी येणारेत म्हणं. कसे हायेत?" तिला तासभर जे सांगितलं, तेच इथं लिहिते. संस्थेचं नाव घेत नाही. ज्यांचा अशा लोकांशी संबंध आलाय त्यांना बाकी सगळं ओळखीचं वाटेल.

मी मुख्याध्यापिका, नोकरी 24 वर्षं. शाळा मराठवाड्यातल्या एका शहराच्या जुन्या भागात, पहिली ते सातवी, पट 214. इमारत एक आणि शाळा दोन. सकाळी साडेसात ते सव्वाबारा उर्दू, साडेबारा ते साडेपाच आमची मराठी. मंजूर शिक्षक सात, हजर पाच, त्यातले दोघं बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 निवडणूक, जनगणना आणि आपत्ती एवढी तीनच कामं शिक्षकाला लावायला परवानगी देतं, पण निवडणुकीच्या नावाखाली मतदार यादी वर्षभर चालू असते. असो.

आधीच गुण देऊन टाकते. पहिल्या टप्प्याला पाचपैकी साडेचार. कार्यशाळेला दीड. शेवटी जो जाडजूड अहवाल आला त्याला एक, तोही बांधणी चांगली आहे म्हणून.

पहिला टप्पा म्हणजे शाळांची पाहणी. जुलैमध्ये दोन पोरं आली, एक मुलगा आणि लातूरकडची एक मुलगी. असे साहेब लोक येतात ते ऑफिसात बसतात, चहा घेतात, रजिस्टरचे फोटो काढतात आणि जातात, म्हणून मी खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या. हे दोघं सरळ वर्गात जाऊन सतरंजीवर बसले. सहा आठवड्यांत आमच्या शाळेत अकरा दिवस आले. दुसरी ते पाचवीचं एकेक लेकरू लिंबाच्या झाडाखाली नेऊन वाचून घेतलं, मोबाईलवर वेळ लावून.

'निपुण भारत' ही लहान वर्गांच्या वाचन-गणिताची केंद्राची मोहीम जुलै 2021 ला सुरू झाली, तेव्हापासून तिसरीच्या लेकरानं मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत हे लक्ष्य आम्हाला तोंडपाठ आहे. भिंतीवरही रंगवलंय. माझ्या तिसरीत 31 लेकरं. ऑनलाइन माहितीत आम्ही 24 जण वाचतात असं भरलेलं होतं. त्या मुलीच्या कागदावर 13 आले. मला राग आला. म्हटलं, "नव्या माणसाला लेकरं बुजतात, बाई." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी परत आली, मला शेजारी बसवलं आणि सगळ्यांचं पुन्हा ऐकलं. 15 निघाले. 24 कुठून आले होते हे मला माहीत होतं, तिलाही कळलं होतं, पण तिनं ते तोंडावर आणलं नाही. साडेचारातला एक गुण त्याचा.

मागं पडलेल्यांत चार लेकरं तांड्यावरून शहरात आलेल्या कुटुंबांतली. घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. चित्रातली आई दाखवली की त्यातला एक पोरगा 'याडी' म्हणायचा आणि आमच्या शिक्षकांनी ते चूक धरलं होतं. मी स्वतः त्या वर्गावर वर्षभर तास घेतलेत. मलाही हे कधी सुचलं नव्हतं.

पण खरी गोष्ट हजेरीची. सांगायची तीच आहे, बाकी सगळं तिच्या आजूबाजूचं.

मागच्या वर्षीची हजेरीपत्रकं त्या लातूरकडच्या मुलीनं घरी नेली. (नियमात बसतं का, विचारू नका.) आमच्याकडं हजेरी कमी झाली की उत्तरं ठरलेली. दिवाळीनंतर कमी, तर वीटभट्टी आणि ऊसतोड. ते खरंही आहे. पट मोजला जातो 30 सप्टेंबरचा, संचमान्यता (शाळेला शिक्षक किती मंजूर ते) त्यावर, आणि माणसं गाव सोडतात दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे कागदावर लेकरू आहे, बाकावर नाही. मधल्याच एखाद्या दिवशी कमी झाली, तर आठवडी बाजार. हे उत्तर आम्ही वर्षानुवर्षं देत आलो.

तिनं पाचवी ते सातवीच्या मुलींची गैरहजेरी तारखेनुसार एका मोठ्या कागदावर मांडली आणि मला विचारलं, "मॅडम, दर सहाव्या दिवशी काय असतं?"

मी म्हटलं, काही नसतं. बाजार गुरुवारी. ती म्हणाली, गुरुवार नाही, दर वेळी वार बदलतोय. आधी शनिवार, मग शुक्रवार, मग गुरुवार. मी कागदाकडं बघत बसले होते, तेवढ्यात आमच्या पोषण आहाराच्या मावशी आत आल्या. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "सहाव्या दिवशी नळ येतो की."

आमच्या भागात दर सहाव्या दिवशी पाणी. दुपारी एक ते दोनच्या मध्ये कधीतरी सुटणार, पाऊण तास टिकणार. आई धुण्याभांड्याच्या कामावर, बाप मोंढ्यात हमालीला, धाकटी लेकरं शाळेत. घागरी भरायला घरात थांबणार कोण? सातवीतली पोरगी. वार ठरलेला नसल्यामुळं आमच्या ध्यानात कधी आलं नाही. ज्यांच्या ध्यानात होतं त्यांना आम्ही कधी विचारलं नाही. मावशी त्याच वस्तीतल्या. नऊ वर्षं आमच्याकडं खिचडी शिजवतात.

त्या दिवशी मला वाटलं, जी काही फी महापालिकेनं दिली असेल ती वसूल झाली.

मग सप्टेंबरात कार्यशाळा. शहरातले सगळे मुख्याध्यापक एका सभागृहात दोन दिवस. पाहणी करणारी पोरं मागच्या रांगेत, व्यासपीठावर वेगळीच माणसं. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला चिकटवायचे. भिंत चुन्याची, वर पंखे. आमच्या उणिवा सकाळपासून जेवणापर्यंत खाली पडत होत्या. ध्येयवाक्य ठरवायला सव्वादोन तास गेले आणि जे ठरलं ते आता कुणालाच आठवत नाही.

मोठी गडबड वेगळीच होती. त्यांचा साचा अमेरिकेतला. प्रत्येक पानावर 'शालेय जिल्हा'. निम्म्या लोकांना वाटलं जिल्हा परिषदेबद्दल चाललंय. एक सर उठून म्हणालेही, "साहेब, आम्ही मनपाचे, झेडपीचे नाही." मी चहाच्या वेळी त्या मुलाला गाठून समजावून घेतलं. तिकडं शालेय जिल्हा म्हणजे स्वतंत्र कारभार असतो. बहुतेक ठिकाणी निवडून दिलेलं मंडळ असतं, ते प्रमुख अधिकारी नेमतं, शाळांना घरपट्टीसारख्या स्थानिक करातून पैसा येतो, शिक्षक जिल्हाच घेतो. सादरीकरणात शिकागोचं उदाहरण होतं. तिथं 1988 च्या कायद्यानं प्रत्येक शाळेला निवडून आलेली स्थानिक परिषद दिली, आणि मुख्याध्यापक कोण ठेवायचा हे ती ठरवू लागली. शाळेच्या सुधारणा आराखड्याला मंजुरीही तिचीच.

आता आमच्याकडं बघा. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक, निम्म्या महिला, हे कायद्यात आहे. शाळा विकास आराखडा समितीनंच करायचा हेही कलम 22 मध्ये आहे. पण समितीला शाळेचा शिपाई नेमता येत नाही. शिक्षक किती हे संचमान्यता सांगते, पुस्तक बालभारतीचं, बदली वरून. ज्याच्या हातात नेमणूक आणि पैसा दोन्ही आहेत त्याच्या मापानं शिवलेला अंगरखा, आणि घालायचा आम्ही. हे मी उभं राहून विचारलं. उत्तर आलं, "चांगला मुद्दा आहे, चिठ्ठीवर लिहा." लिहिला. तीही पडली.

आणखी एक. दोन दिवसांत एकानंही असं विचारलं नाही की तुमच्याकडं आधीचा शाळा विकास आराखडा आहे का. आहे. कपाटात आहे. खरं सांगायचं तर आम्हीही मागच्या वर्षीचा काढून तारखा बदलतो, त्यामुळं विचारला असता तर माझीच पंचाईत झाली असती. तरी विचारायला हवा होता.

डिसेंबरात अहवाल आला. चकचकीत कागद, रंगीत आलेख. सगळ्या शाळांना एकच लक्ष्य: तीन वर्षांत 90 टक्के लेकरं वाचती. गावकुसाकडच्या एका शाळेत चौथीला नऊ लेकरं आहेत. त्यांच्यातलं एक लेकरू भट्टीवर गेलं तर 11 टक्के गेले, आणि तेवढ्यानंच ती शाळा लाल रंगात. शाळेच्या बसचे मार्ग सुधारा, असं एक कलम आहे. आमची लेकरं पायी येतात, लांबची दोन बापाच्या सायकलवर. मे महिन्यात दुपारचे उन्हाळी वर्ग घ्या, असंही आहे. आमच्या दोन वर्गांवर पत्रा आहे. मार्चपासून आम्ही सकाळच्या शाळेच्या परवानगीची वाट बघत असतो, आणि एका इमारतीत दोन शाळा सकाळी कशा बसवायच्या यावर दरवर्षी भांडतो.

पाण्याचं पान मी शोधत होते. सापडलं नाही. 'पालकांची उदासीनता' या मथळ्याखाली एक ओळ होती: घरगुती कारणांमुळे मुलींची अनियमित उपस्थिती. कार्यवाही: पालक मेळावा.

मला त्या मुलीचं फार वाईट वाटलं. तिनं मांडलेला मोठा कागद माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला अजून चिकटवलेला आहे. शाळा आणि पाणीपुरवठा, दोन्ही खाती एकाच महापालिकेची, एकाच इमारतीत, दोन मजल्यांवर. शहराचा आराखडा करताना त्या कार्यशाळेला पाणीपुरवठ्याचा एक अभियंता बोलावला असता तर? पण साच्यात त्याच्यासाठी रकाना नव्हता.

म्हणून मैत्रिणीला सांगितलं ते असं. त्यांना नाही म्हणू नकोस, पाहणीची माणसं खरंच चांगली आहेत. पण करार व्हायच्या आधी मुख्याधिकाऱ्यांच्या कानावर घाल की, प्रत्येक शाळेच्या मोजणीचे मूळ कागद त्या शाळेलाच मिळाले पाहिजेत, नुसता शेवटचा अहवाल नको. कार्यशाळा घ्यायचीच तर पाणी, स्वच्छता, आरोग्य यांची माणसं समोर बसव, आणि बोलायला पाहणी केलेल्यांनाच उभं कर. जमलं तर तीच दोन पोरं सहा महिन्यांनी परत येऊन पुन्हा वाचून घेतील असं लिहून घे. अहवालाचे पैसे वाचले तर पाण्याची टाकी बसव.

ती म्हणाली, मग तुमच्या नळाचं काय झालं?

अहवाल आल्यावर मी तो मोठा कागद घेऊन आमच्या भागाचं पाणी सोडणाऱ्या वॉलमनकडं गेले. बिचारा घाबरला, त्याला वाटलं तक्रार घेऊन आले. कागद दाखवला. त्याचीच एक भाची त्यात होती, सहावीतली. म्हणाला, "मॅडम, वरून टाकी भरल्याशिवाय माझ्या हातात काही नाही, पण सकाळी नऊला सोडून बघतो." सोडलं. पाण्याच्या पुढच्या दोन पाळ्यांना आमच्या मुली आल्या. तिसऱ्या पाळीला उर्दू शाळेच्या आपा माझ्या दारात. "मॅडम, ये क्या किया? अब मेरी बच्चियाँ नहीं आ रहीं."

मग आम्ही दोघी मिळून परत वॉलमनकडं. आता ठरलंय पहाटे साडेपाच. दर वेळी जमत नाही. वीज गेली, टाकी अर्धी राहिली की परत दुपार होते आणि त्या दिवशी सातवीत सहा मुली असतात. जमणार असलं की तो आदल्या रात्री आपांना आणि मला फोन करतो, आणि मावशी वस्तीत सांगतात.

हे काम आराखड्याच्या प्रगती अहवालात कुठं दाखवायचं, ते मात्र मला विचारायचंय. दर तिमाहीला माहिती मागतात. मागच्या वेळी मी 'पालक मेळावा: 1' असं भरून दिलं.