पंपाचा दर काढायचा कसा: सूत्राने, एककांसकट, तक्त्यावरून की पंपावर सोपवून?

आयसीयूत नवी ड्युटी लागली की सिरिंज पंपाने औषध तासाला किती एमएल सोडायचं, म्हणजे पंपाचा दर, काढायच्या चार रीती पहिल्याच आठवड्यात चार जण शिकवतात. उत्तर चारही रीतींनी सारखंच येतं. फरक कळतो तो चूक झाल्यावर. एखादी रीत चूक समोर आणते, एखादी गिळून टाकते. निवड करायची ती यावरून.

एकच उदाहरण घेऊ. पेशंट ६० किलोचा, रक्तदाब वाढवणारं नॉरॲड्रेनलिन ४ मिलिग्रॅम एकूण ५० एमएलमध्ये, म्हणजे एका एमएलमध्ये ८० मायक्रोग्रॅम. ऑर्डर आहे ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: डोस × वजन × ६० ÷ स्ट्रेंथ (एका एमएलमधलं औषध). ०.१ × ६० × ६० ÷ ८० = ४.५ एमएल प्रति तास. वीस सेकंदांचं काम. पण ते दोन साठ बघा. एक वजनाचा, दुसरा तासातल्या मिनिटांचा, आणि कागदावर दोघे जुळे भाऊ. ‘हा चुकून दोनदा लिहिला’ असं समजून रात्री तीनला त्यातला एक खोडणारा मीच होतो. उत्तर ०.०७५ आलं, म्हणून लगेच लक्षात आलं. प्रत्येक चूक इतकी उघडी पडत नाही. नायट्रोग्लिसरीनची ऑर्डर बहुतेकदा नुसती मायक्रोग्रॅम प्रति मिनिट अशी असते, तिथे वजन येतच नाही. हेपॅरिन युनिट प्रति किलो प्रति तास असेल तर ६० येत नाही. सूत्र पाठ केलेला हात सवयीने दोन्ही गुणून मोकळा होतो.

एककांसकट मांडणी केली की हेच गणित असं दिसतं:

०.१ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट × ६० किलो × ६० मिनिटं/तास ÷ ८० मायक्रोग्रॅम/एमएल

किलोने किलो जातो, मिनिटाने मिनिट, मायक्रोग्रॅमने मायक्रोग्रॅम. खाली एमएल/तास उरलं तर मांडणी बरोबर. नायट्रोग्लिसरीनमध्ये वजन घुसवलंत तर शेवटी एक किलो लोंबकळत राहतो. सुरुवातीला दुप्पट वेळ लागतो हे खरं. तरी नवीन माणसाने हीच रीत हाताला लावून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र सिरिंजमध्ये खरोखर किती औषध भरलंय, हे तीही सांगू शकत नाही. नॉरॲड्रेनलिनच्या काही लेबलांवर टार्ट्रेट क्षाराचं वजन असतं, काहींवर बेसचं, म्हणजे नुसत्या नॉरॲड्रेनलिनचं. २ मिलिग्रॅम टार्ट्रेट म्हणजे १ मिलिग्रॅम बेस. सरळ दुपटीचा फरक, आणि दोन्हीकडे एकक मिलिग्रॅमच. तिथे ॲम्प्यूल हातात घेऊन वाचण्याला पर्याय नाही.

भिंतीवरचा तक्ता घाईत सगळ्यात सोयीचा, पण तो एकाच डायल्युशनचा (किती औषध किती एमएलमध्ये) असतो. द्रव कमी द्यायचा म्हणून कोणी ८ मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये भरलं आणि तुम्ही जुन्या तक्त्यावरून ४.५ लावलं, तर डोस दुप्पट गेला. आकडा अगदी रोजचा दिसतो, म्हणून कोणाची भुवईही उंचावत नाही. तक्ता पडताळणीला ठेवा.

वजनाच्या तिप्पट मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये भरायची जुनी युक्तीही कानावर येईल. मग १ एमएल/तास म्हणजे १ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट, गणितच नको. डोपामिनला ती बसते. पण ६० किलोला १८० मिलिग्रॅम, शेजारच्या बेडला १३५. प्रत्येक सिरिंज वेगळी, म्हणजे गणित दर काढण्यातून उठून औषध भरण्यात जाऊन बसतं. ठरलेली एकच स्ट्रेंथ याहून बरी.

पंपाचा डोस मोड गणितात चुकत नाही. वजन, एकूण मात्रा, एकूण एमएल आणि डोसचं एकक एवढं आपण द्यायचं, दर तो काढतो. यादीतून ‘प्रति किलो’ असलेलं एकक निवडलं की नसलेलं, हे मात्र आपल्या बोटावर. आधी कागदावर ४.५ काढा, मग पंपावर भरा. दोन आकडे जुळले नाहीत तर सुरू करू नका.

जुळले तरी कोणत्या पंपावर काय आहे ते बघाच. याच पेशंटला डोपामिन २०० मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये, ५ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट: दर ४.५. व्हॅसोप्रेसिन २० युनिट ५० एमएलमध्ये, ०.०३ युनिट प्रति मिनिट: दर ४.५. तीन पंप, तीन औषधं, आकडा एकच. हॅंडओव्हरला ‘सगळे साडेचारवर’ एवढंच सांगितलं तर काहीच सांगितलं नाही.

पंप नसलेल्या साध्या सलाइनला फार विचार नको. १००० एमएल ८ तासांत म्हणजे तासाला १२५. एमएलला वीस थेंबांच्या सेटने मिनिटाला ४२ थेंब, एमएलला साठ थेंबांच्या मायक्रोसेटने १२५. सेटच्या पाकिटावरचा आकडा आधी वाचा, तिथे चूक झाली तर तिपटीची होते.

लिहिताना ‘युनिट’ पूर्ण लिहा, एका अक्षराचा ‘यू’ शून्यासारखा वाचला जातो आणि ४ चे ४० होतात. ०.५ मधलं पुढचं शून्य कधी गाळू नका, १ च्या मागे ‘.०’ कधी लावू नका. आणि दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेताना आपलं उत्तर झाकून ठेवा. आधी दाखवलंत तर त्या नुसती मान डोलावतील.