राष्ट्रीय महत्त्वाच्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

मी स्थापत्य अभियंता असून गेली नऊ वर्षे टेक्सासमध्ये शहरांच्या जलवाहिन्यांमधील गळती शोधण्याचे काम करतो. 2024 मध्ये ग्रीन कार्डाच्या याचिकेसाठी मी एका सल्लागारावर विश्वास टाकला आणि त्यात साडेसहा हजार डॉलर व जवळजवळ एक वर्ष गमावले. आपल्या ओळखीतली बरीच मंडळी सध्या याच वाटेने जात आहेत, म्हणून घडलेले सर्व नीट लिहून ठेवत आहे.

उच्च शिक्षण किंवा असाधारण क्षमता असलेल्यांसाठीच्या ईबी-2 या ग्रीन कार्ड वर्गात नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, म्हणजे देशहितासाठी नोकरीच्या प्रस्तावाची अट माफ करण्याची, सोय आहे. तिच्यात कंपनीचा प्रस्ताव आणि लेबर सर्टिफिकेशन, म्हणजे त्या कामासाठी योग्य अमेरिकन कामगार उपलब्ध नसल्याचा कामगार खात्याचा दाखला, लागत नाही, आय-140 हा याचिकेचा अर्ज स्वतःच्या नावाने भरता येतो. भारतात जन्मलेल्यांची या वर्गातील रांग दहा वर्षांहून लांब असल्यामुळे प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतील जागा ठरवणारी तारीख, लवकर मिळावी यासाठी प्रत्येकाची धडपड असते आणि नेमक्या याच घाईवर अशा सल्लागारांचा धंदा चालतो. माझ्या सल्लागारांशी माझी ओळख गणेशोत्सवात झाली. ते मराठीत बोलले, घरच्यांची चौकशी केली आणि ‘तुमचे काम पाण्याचे, म्हणजे राष्ट्रीय महत्त्व तर आयतेच आहे, मंजुरीची हमी माझी,’ असे म्हणाले. त्यांच्याकडे वकिलीची सनद आहे की नाही, हे विचारण्याचे माझ्या मनातही आले नाही.

खरी मेख ‘आयतेच’ या शब्दात होती, हे मला फार उशिरा कळले. अमेरिकन इमिग्रेशन खात्याच्या अपील कार्यालयाने धनसर नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात डिसेंबर 2016 मध्ये दिलेल्या निकालाने या याचिकांसाठी तीन कसोट्या घालून दिल्या: नियोजित कामाला ठोस मोल आणि राष्ट्रीय महत्त्व असले पाहिजे, ते पुढे नेण्याची अर्जदाराची क्षमता व तयारी दिसली पाहिजे, आणि नोकरीच्या प्रस्तावाची अट माफ करणे एकंदरीत देशाच्या हिताचे ठरले पाहिजे. पहिल्या कसोटीत क्षेत्राचे महत्त्व पुरत नाही, त्या क्षेत्रात तुम्ही स्वतः पुढे जे करणार आहात त्याचे महत्त्व मोजले जाते. त्याच निकालात अर्जदाराचे हायपरसॉनिक प्रणोदनावरील (ध्वनीच्या अनेकपट वेगाने उडणाऱ्या यानांच्या इंजिनांवरील) संशोधन राष्ट्रीय महत्त्वाचे ठरले, परंतु त्याच्या अध्यापनाचे मोल मान्य करूनही त्याचा परिणाम स्वतःच्या विद्यार्थ्यांपलीकडे पोहोचेल असे सिद्ध झाले नाही, म्हणून त्याला ते महत्त्व मिळाले नाही. पिण्याचे पाणी महत्त्वाचे आहे, हे अधिकाऱ्याला ठाऊकच असते. माझ्या पद्धतीमुळे माझ्या मालकाच्या ग्राहकांपलीकडे कोणाला आणि कसा फायदा होणार, हे सांगणे आवश्यक होते आणि सल्लागारांनी ते मला एकदाही विचारले नाही. त्यांनी माझा बायोडेटा घेतला, पदव्यांच्या प्रती घेतल्या आणि दोन हप्त्यांत पैसे घेतले. अर्ज भरायच्या दिवशी व्हॉट्सॲपवर फक्त सहीचे पान आले. ‘बाकी सगळे तयार आहे, आज कुरिअर गेलेच पाहिजे,’ असा निरोप सोबत होता. मी सही केली. त्या सहीच्या वर, अर्जातील सर्व माहिती खरी असल्याचे अर्जदार शपथेवर सांगतो, असे छापलेले असते.

पाच महिन्यांनी अधिक पुराव्याची मागणी करणारी नोटीस, म्हणजे आरएफई, थेट माझ्या घरी आली. वकिलाने प्रतिनिधित्वासाठी भरायचा जी-28 हा फॉर्म माझ्या अर्जासोबत नव्हताच, त्यामुळे सरकारच्या लेखी माझ्या बाजूने कोणीही उभे नव्हते. मी संपूर्ण प्रत मागितली, ती आठ दिवसांच्या तगाद्यानंतर मिळाली. त्या रात्री मी आणि पत्नी जेवणाच्या टेबलावर पाने पसरून वाचत बसलो. पहिली अकरा पाने 2021 च्या हिमवादळात टेक्सासमध्ये फुटलेल्या नळांवर, 2022 मध्ये मिसिसिपीतील जॅक्सन शहरावर ओढवलेल्या पाणीसंकटावर आणि अभियंत्यांच्या टंचाईवर खर्ची पडली होती. ही माहिती खरी होती, पण तिचा माझ्या कामाशी सांधा कुठेच जोडलेला नव्हता. चौदाव्या पानावर पत्नीचे बोट थांबले. तिथे ‘या पद्धतीमुळे रुग्णांच्या पुनर्भरतीचे प्रमाण घटेल’ असे वाक्य होते. कुणा आरोग्यक्षेत्रातल्या माणसाची याचिका घेऊन तिच्यात माझे नाव भरले होते, आणि पुसायचे एक वाक्य राहून गेले होते.

त्याहून गंभीर गोष्ट शिफारसपत्रांत निघाली. मी कधीही न भेटलेल्या एका प्राध्यापकांच्या पत्रात माझी पद्धत तीन शहरांनी स्वीकारल्याचे लिहिले होते. प्रत्यक्षात ती एकाच गावात, 11 किलोमीटर जलवाहिनीवर, चाचणीपुरती वापरली गेली होती. अधिकाऱ्याने नेमका त्याच तीन शहरांचा पुरावा मागितला होता. मी सल्लागारांना फोन केला तेव्हा त्यांनी आणखी दोन हजार डॉलर मागितले आणि शहरांची पत्रे ‘करून देतो’ असे सांगितले. तिथे मी संबंध तोडला. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटे सांगितल्याचे ठरले तर अमेरिकेत प्रवेशाला कायमची आडकाठी येऊ शकते, हे मला तोवर समजले होते.

राज्याच्या बार असोसिएशनच्या संकेतस्थळावर नाव तपासून मी एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी दोन तास मला फक्त प्रश्न विचारले: ही पद्धत छोट्या गावांना परवडेल का, तिचे तंत्र तुम्ही कोणालाही वापरता येईल असे प्रसिद्ध करणार आहात का, कोणत्या पाणीपुरवठा संस्थांनी लेखी रस दाखवला आहे? राष्ट्रीय महत्त्व म्हणजे काय, ते मला त्या दोन तासांत उमगले. आरएफईच्या उत्तरात आम्ही खोटा दावा स्वतःहून मागे घेतला आणि माझी खरी योजना मांडली. तरीही याचिका फेटाळली गेली, कारण अर्ज भरताना जे पात्र नव्हते त्यात नंतर मूलभूत बदल करून ते पात्र ठरवता येत नाही. नामंजूर याचिकेची प्रायॉरिटी डेटही राखता येत नाही, त्यामुळे रांगेतले ते महिने गेले ते गेलेच.

राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे मी तक्रार केली आहे. सल्लागारांच्या पावतीवर ‘दस्तऐवज सेवा’ एवढेच लिहिलेले आहे, म्हणून व्हॉट्सॲपवरील हमीचे सर्व निरोप मी तारखांसह जोडले. ज्यांचा व्यवहार सध्या चालू आहे त्यांनी तसे निरोप पुसू नयेत आणि संपूर्ण याचिका हातात आल्याशिवाय, ती शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय सही करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

नवी याचिका मी पुन्हा 1,015 डॉलर सरकारी फी भरून पाठवली. त्यातील नियोजित कामाची सहा पाने मी स्वतः लिहिली आहेत आणि 11 किलोमीटरचा आकडा पहिल्याच पानावर आहे. त्या जुन्या शिफारसपत्राचा खुलासाही माझ्या सहीने सोबत जोडला आहे.